लावू?

भाऊंचा डावा हात कायम खिशात असे. बसमध्ये, चहाच्या टपरीवर, देवळात, कुणाच्या तेराव्याला गेले तर तिथंही. नमस्कार करायचा म्हणजे उजवा हात छातीशी न्यायचा, मान थोडी तुकवायची, की झालं. एकदा आमचं काम बघायला जिल्ह्याचे कुणी मोठे अधिकारी आले होते. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि भाऊंनी एकच हात वर केला. साहेबांबरोबरच्या माणसाचं तोंड वाकडं झालं. ते लोक गेल्यावर मी भाऊंना चांगलंच फैलावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, टेबलावर मशीन चालू होतं. चालू मशीनपाशी एकच हात भायेर पायजे. दोन हात लागले का करंटले काळजातून जाले रस्ता भेटते."

हे खोटं नव्हतं. विजेच्या कामातले जुने लोक ही काळजी घेतात. पण देवळात कुठलं मशीन चालू असतं, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यावरही त्यांच्याकडे उत्तर असतं आणि ते ऐकण्यात माझा अर्धा तास गेला असता.

ते मालेगावचे. हे आपलं वाशीम रस्त्यावरचं मालेगाव. परगावचे लोक नाव ऐकलं की नाशिककडचं समजायचे आणि भाऊ चिडायचे. उभी नोकरी त्यांनी सरकारी दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करण्यात काढली होती. निवृत्त होऊन घरी बसले, पण बसणं त्यांना जमेना. तेवढ्यात एका मोठ्या शहरातलं संशोधन केंद्र खेड्यापाड्यांत एक यंत्र वापरून पाहणार होतं, त्यांना इकडचा माणूस हवा होता. भाऊ यंत्रासाठी आणि मी माणसांसाठी, अशी आमची नेमणूक झाली. मी समुपदेशक. वाशीमला बसस्थानकामागे दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. पुढच्या खोलीत मी बसायची, मागच्या खोलीत भाऊ आणि त्यांचा पसारा.

यंत्र अंगावर वापरायचं होतं. मेंदूपासून निघून काळजापर्यंत, पोटापर्यंत जाणारी एक लांब नस असते. तिची एक फांदी कानाच्या खोलगट भागात येते. तिथं चिमटा लावून अगदी बारीक करंट दिला, तर घाबरलेलं शरीर निवायला मदत होते, आणि त्याच वेळी माणसानं आपल्यावर गुदरलेला प्रसंग बोलून काढला तर त्याची धग कमी होऊ शकते, अशी त्यामागची कल्पना. कागदावर या दुखण्याला 'आघातोत्तर तणाव' असं नाव होतं. इकडे त्याला धसका म्हणतात. अपघातातून वाचलेले, पुरातून निघालेले, डोळ्यांदेखत माणूस गेलेले, असे लोक आमच्याकडे यायचे.

शहरातून आलेली पेटी भाऊंनी पहिल्याच दिवशी खोलली आणि म्हणाले, "लय मोठी. ही बांधून बाई वावरात कशी जाईन?" पंधरा दिवसांत त्यांनी सगळा मसाला तंबाखूच्या डबीत बसवला. चुन्याचा जो छोटा कप्पा असतो त्यात घड्याळातला सेल. शहरातल्या लोकांनी नंतर तिला चांगलं प्लास्टिकचं घर करून दिलं, पण आकार डबीचाच राहिला.

प्रत्येक नवी डबी ते आधी स्वतःच्या कानाला लावून पंधरा दिवस हिंडत. रोज मालेगावहून एसटीनं येत. कंडक्टरला वाटायचं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. तो त्यांच्या कानाशी वाकून ओरडायचा, "वाशीम काय, आजोबाऽऽ?" भाऊ त्याला कधी सुधारत नसत. मला म्हणाले, "मॅडम, नोकरीत पस्तीस वर्षं मले कोनी जोरात सांगतलं नाई, सारे हळूच पुटपुटत. आता सारे साफ बोलून राह्यले. मले काय तकलीफ?"

करंट किती हे मोजायला आकडे होते. पण भाऊंचं म्हणणं, आकडा आपल्याला कळतो, कानाला कळत नाही. म्हणून ते माणसाला विचारायचे, "किती मुंग्या?" नुसती चाहूल लागली तर एक मुंगी. चालल्यासारखं वाटलं तर दोन. तीनच्या वर जायचं नाही, आणि कुणी 'मुंगळा' म्हटलं की ताबडतोब बंद. हे सगळं ते नोंदवहीत इमानेइतबारे लिहीत. शहरातून मला फोन आला की तुमच्या अहवालात 'तीन मुंग्यांवर स्थिर' असं काहीतरी छापलंय, ते काय आहे? मी भाऊंना वही दाखवून म्हटलं, आता तुम्हीच सांगा त्यांना. त्यांनी फोन घेतला आणि त्या शिकलेल्या माणसाला मुंगी आणि मुंगळ्यातला फरक समजावला. पुढच्या महिन्यात शहरातल्या छापील तक्त्यात मुंग्यांचा रकाना आला. भाऊंनी तो तक्ता भिंतीला लावला.

हे सगळं मला चालत होतं. चालत नव्हती ती एकच गोष्ट. कुठलंही बटण दाबण्याआधी भाऊ मोठ्यानं विचारायचे, "लावू?" आणि समोरच्यानं "लावा" म्हटल्याशिवाय बोट हलवायचे नाहीत. पंखा असो, दिवा असो, कानाची डबी असो. मी फोनवर बोलत असले आणि उत्तर दिलं नाही, तर पंख्याच्या बटणावर बोट ठेवून, दुसरा हात खिशात घालून, घामाघूम होऊन उभे. उन्हाळ्याचे दिवस, वाशीमचं ऊन. मी फोनवर हात ठेवून ओरडायची, "लावा हो एकदाचा!" त्यांच्या घरी एकदा जेवायला गेले तेव्हा पाहिलं, त्यांच्या बायको स्वयंपाकघरातून, वर न बघता, दर थोड्या वेळानं "लावा" म्हणत होत्या. मी विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, "झोपेत बी म्हनतो मी. लग्नापासून लावूनच राह्यली."

याला मी मनातल्या मनात वेड म्हणत होते. माझ्या शिक्षणात अशा सवयींना नावं आहेत आणि ती सगळी मी भाऊंना लावून पाहिली होती.

इंझोरीच्या ताई आमच्याकडे आल्या त्या सासूबरोबर. पस्तिशीच्या असतील. घरची थोडी जमीन, त्यात वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि बाजाराला न्यायची, यावर घर चाले. दोन वर्षांपूर्वी विहिरीवर नवरा करंट लागून गेला. तेव्हापासून ताई बटणाला हात लावत नव्हत्या. घरात संध्याकाळी दिवासुद्धा सासू लावायची. ट्यूब फडफडली तरी ताईंचे हातपाय गार पडत. विहिरीकडे तर त्या फिरकल्याच नव्हत्या. मोटर शेजारचा कुणी लावून द्यायचा, कधी द्यायचा, कधी नाही. भाजी वाळत होती. सासू थकली होती. शेत दुसऱ्याला वाहायला द्यायचं घरात ठरत आलं होतं. तसं झालं असतं तर ताई आपल्याच शेतात मजुरीनं गेल्या असत्या.

आमच्या अर्जात एक प्रश्न होता, 'उपचारातून आपली अपेक्षा काय?' लोक लिहायचे, झोप लागावी, भीती जावी. ताई म्हणाल्या, "मोटर लावता आली पायजे." दुसरं काही नाही.

मग त्यांनी त्या दिवशीची हकीकत सांगितली. खाली मान घालून, एका दमात. त्या दिवशी लाईन नव्हती. नवरा विहिरीवर मोटरच्या वायरचा सांधा करत होता. स्टार्टरची पेटी पन्नास पावलांवर, लिंबाच्या झाडाआड. ताई पेटीपाशी. लाईन आली, पेटीवरचा लाल दिवा लागला. त्यांनी रोजच्यासारखं ओरडून विचारलं, "लावू काय वो?" विहिरीवरून उत्तर आलं. नवरा म्हणाला होता, "लावू नोको," हे विहिरीजवळच्या शेजाऱ्यानं नंतर सांगितलं. वारा होता. ताईंना ऐकू आलं, "लाव."

त्यांनी हिरवं बटण दाबलं.

मी हे ऐकलं, त्यांना पाणी दिलं आणि त्या गेल्यावर अर्ज भरला. माझं मराठी चांगलं आहे, याचा मला तेव्हा अभिमान होता. मी लिहिलं, 'विद्युत पंप सुरू करताना सूचनेबाबत गैरसमज झाल्याने पतीचा अपघाती मृत्यू.' एका ओळीत सगळं बसलं. कागद भाऊंच्या खोलीत गेला.

पुढच्या आठवड्यात ताईंची पहिली बैठक. मी त्यांना खुर्चीवर बसवलं. भाऊंनी कान पुसून हलक्या हातानं चिमटा बसवला. ताई घाबरलेल्या होत्या पण बसल्या होत्या. भाऊंनी डबीवर बोट ठेवलं, डावा हात खिशात घातला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "लावू?"

 ताईंनी कानाची तार ओढून काढली, चिमटा भिंतीवर जाऊन आपटला, आणि त्या उठून पळाल्या. चपला आमच्याच दाराशी राहिल्या. सासू मागून "थांब वं माय, थांब" करत बसस्थानकापर्यंत धावली.

भाऊ तसेच उभे. मग म्हणाले, "मी काय केलं?"

मला कळलं होतं. पण मी खाली वाकून चिमटा शोधत राहिले. ते आत जाऊन अर्ज घेऊन आले. माझी ती ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"हे कोन बोललं?"

"ताईच."

"नाई. हे तुमी बोलल्या. 'सूचनेबाबत गैरसमज' असं इंझोरीत कोनी बोलत नाई. तिचा शब्द कुठी गेला, मॅडम?"

मी त्यांना सांगितलं. 'लावू काय वो' पासून सगळं. ऐकताना भाऊ खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्यांचा डावा हात मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा असा उघडा पाहिला. साधा हात होता, उजव्यासारखाच. मला रडू आलं आणि मी रडले. चूक माझी होती, आणि ती अज्ञानाची नव्हती, ऐटीची होती.

मग ते सांगू लागले. नोकरीच्या सुरुवातीला एका दवाखान्यात त्यांचा जोडीदार एक्स-रे मशीनमध्ये हात घालून काम करत होता आणि भाऊंनी मेन स्विच चालू केला होता. जोडीदार वाचला, पण त्याची दोन बोटं कायमची वाकडी झाली. "तिनं इचारलं तरी होतं," भाऊ म्हणाले. "मी इचारलंच नोतं. तवापासून इचारतो. अन् आज माह्या इचारन्यानंच ती पळाली."

मी त्यांना मनातल्या मनात लावलेली सगळी नावं त्या दिवशी परत घेतली.

ताई आल्या नाहीत. आठवडा गेला, दोन गेले. भाऊंनी दुसरं काम बाजूला ठेवलं आणि डबी बदलली. आधी बैठकीत चालू-बंदची कळ आमच्या हातात असायची, माणसाच्या कानाला नुसती तार. भाऊंनी कळ तारेच्या मध्यावर आणली, वापरणाऱ्याच्या मुठीत राहील अशी. आता कुणी कुणाला विचारायची गरजच नव्हती. शहरातल्या लोकांना ते पटेना. किती करंट, किती वेळ, याचा ताबा आपल्याकडे हवा, असं त्यांचं म्हणणं. भाऊ फोनवर म्हणाले, "मर्यादा तुमी आतून बांधा, माह्यी ना नाई. पन बटन तिच्या हातात नसन तर मी हे कोनाच्या कानाले लावत नाई. तुमी दुसरा मानूस पाहा." आणि फोन माझ्या हातात दिला. महिनाभर पत्रापत्री झाली. त्यांच्या समितीनं शेवटी मान्यता दिली.

'लावू?' हा शब्द मात्र त्यांच्या जिभेवरून जाईना. पंख्यापाशी उभे राहत, 'ला' म्हणून थांबत, ओठ मिटून घेत. मग नुसतं माझ्याकडे बघत. मी मान हलवायची. हे बघून मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

आम्ही दोघं इंझोरीला गेलो. एसटीनं, वाटेत गाडी बदलून. ताईंच्या चपला भाऊंनी कागदात बांधून घेतल्या होत्या. ताई ओट्यावर मेथी निवडत होत्या. आम्हाला बघून उठल्या, पण पळाल्या नाहीत. भाऊंनी चपला खाली ठेवल्या, ओट्याच्या कडेला बसले आणि डबी उघडून आतला सेल दाखवला.

ताई लांबूनच म्हणाल्या, "करंटच हाय ना हा?"

शहरातल्या लोकांनी आम्हाला बजावलं होतं की 'करंट' म्हणू नका, 'सौम्य लहरी' म्हणा. मी तोंड उघडणार तोच भाऊ म्हणाले, "हव. करंटच हाय."

"किती?"

"दोन मुंग्या."

ताई हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. सासूनं चुलीपाशी हात थांबवून बाहेर बघितलं.

भाऊंनी चिमटा स्वतःच्या कानाला लावला आणि कळ ताईंच्या समोर ठेवली. "मले द्या करंट. दाबा." ताईंनी कितीतरी वेळ नुसतं बघितलं. मग पदराच्या टोकानं धरून कळ दाबली. "आली मुंगी," भाऊ म्हणाले. "आता बंद करा." ताईंनी दाबली. "गेली." पुन्हा आली. पुन्हा गेली. वीस-पंचवीस वेळा ताईंनी भाऊंना चालू केलं आणि बंद केलं. शेवटी पदर बाजूला राहिला होता. मग त्यांनी स्वतःच चिमटा मागितला.

त्यानंतर त्या येत राहिल्या. कानाला डबी, मुठीत कळ, समोर मी. त्या दिवसाची गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. पहिल्या दिवशी एका दमात सगळं सांगितलं होतं, पण आता सावकाश सांगताना लाल दिवा लागला इथपर्यंत त्या यायच्या आणि तिथून थेट दवाखान्यात पोचायच्या. मधलं काहीच नाही. मी ढकललं नाही. मी आता त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहीत होते. चार महिने लागले. एके दिवशी त्या म्हणाल्या, "ते म्हने, लावू नोको," आणि 'नोको' पूर्ण उच्चारून रडल्या, कळ मुठीत धरून ठेवली. त्या आठवड्यात त्यांनी घरात संध्याकाळचा दिवा लावल्याचं सासूनं सांगितलं. मी भाऊंना म्हटलं, तुमच्या डबीनं कमाल केली. ते म्हणाले, "डबीनं किती केलं अन् बोलल्यानं किती, मले माईत नाई. शहरवाले हिशोब लावून राह्यले, लावू द्या."

मग राहिली विहीर. आमचं नीट ठरलं होतं. ताई पेटीपाशी, मी त्यांच्याजवळ, भाऊ विहिरीवर. ताई विचारतील, भाऊ 'लावा' म्हणतील, ताई बटण दाबतील. एवढंच. मी भाऊंना बसमध्येही तीनदा बजावलं.

सकाळची वेळ, लाईन होती. भाऊ आमच्या आधी पुढं गेले, पेटीपाशी थोडं खुडबुडले, मग डावा हात खिशात घालून विहिरीकडे चालते झाले. लिंबाच्या आड त्यांचा नुसता सदरा दिसत होता. ताईंच्या कानाला डबी होती. त्यांनी मुठीतली कळ दाबली, दोन-चार श्वास घेतले, पेटीचं झाकण उघडलं आणि हिरव्या बटणावर बोट ठेवलं. 

"लावू काय, भाऊ?"

वारा होता. विहिरीवरून आवाज आला, "नोको!"

 हे ठरलं नव्हतं. मला वाटलं, या माणसाचा आत्ता गळा धरावा. मी ताईंकडे बघितलं. त्यांचं बोट बटणावर तसंच होतं. मग त्यांनी ते हळूच मागे घेतलं आणि हात पदराला पुसला.

"नोको म्हने," त्या मला म्हणाल्या. "ऐकू आलं मले."

भाऊ झाडाआडून चालत आले. जवळ येऊन त्यांनी खिशातून डावा हात काढला. मुठीत चिनी मातीचे तीन फ्यूज होते, पेटीतले. मोटरपर्यंत करंट पोचणारच नव्हता.

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "म्हंजे मी दाबलं असतं तरी..."

"तरी काईच झालं नसतं."

"पन मी दाबलं नाई," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाल्या, "मी दाबलं नाई ना, मॅडम."

"नाही दाबलं," मी म्हटलं.

माझा राग अजून गेला नव्हता. मी भाऊंना हळूच विचारलं, काहून केलं असं? रागात माझ्याही तोंडी इकडचाच शब्द आला. ते म्हणाले, "लाव ऐकाले तिले शिकवाची गरजच नोती." मग त्यांनी फ्यूज एकेक करून बसवले आणि ताईंना दाखवलं की कसे बसवतात, कसे काढतात. विहिरीवर जो कुणी काम करेल त्यानं हे तीन आपल्या खिशात घेऊन जायचे, आणि तो स्वतः परत येऊन लावील तेव्हाच मोटर चालू होईल. मग कुणी काय ओरडलं आणि कुणाला काय ऐकू आलं, याच्यावर जीव राहत नाही. ताईंनी तिन्ही फ्यूज दोनदा काढले आणि दोनदा बसवले. भाऊ पुन्हा विहिरीवर गेले. या वेळी चालताना त्यांचे दोन्ही हात खिशाबाहेर होते.

"लावू काय, भाऊऽऽ?"

भाऊंनी लगेच उत्तर दिलं नाही. ताई थांबल्या. बोट बटणावर, मान विहिरीकडे, आणि त्यांना घाई नव्हती.

"आता लाव, माय!"

ताईंनी दाबलं. पाइप एकदा उडाला, मग मातीच्या दांडात पाणी आलं आणि वांग्यांच्या वाफ्याकडे जाऊ लागलं. सासू बांधावर उभी होती, ती तिथंच खाली बसली.

भाऊ गेल्या वर्षी वारले, साध्या तापाचं निमित्त होऊन. ताईंचं शेत ताईच करतात. माझ्या कपाटात त्यांचा अर्ज आहे. त्यातली माझी ती सुंदर ओळ मी एका रेघेनं खोडली आहे, वाचता येईल अशी. तिच्याखाली ताईंचे शब्द लिहिले आहेत, आणि शेवटच्या रकान्यात, जिथं 'अपेक्षा पूर्ण झाली का?' असं विचारलंय, तिथं मोटरचं काही नाही. ताईंनी सांगितलं तेच लिहिलंय, 'नोको म्हने. ऐकू आलं मले.'